केसरीनाथची कॉमेंट्री आणि दुसरीचा वर्ग

वळ गावात क्रिकेटचे सामने लागले की केसरीनाथचा आवाज हायवेवरच्या कंटेनरवाल्यांनाही ऐकू जातो. खेळण्यात तो शून्य. पण हातात माईक आला की साधी एक धाव निघाली तरी आख्खं गाव उठून नाचतं!

आणि आमची दुसरीची पोरं वाचायची कशी? "मांजर. हळूच. आलं." ना सूर, ना जीव. शेवटी मीच केसरीनाथला म्हटलं, "दादा, यांच्या वाचनात जरा जीव ओता." हौशी माणूस! गोदामातली शिफ्ट बदलून माईक-स्पीकरसकट हजर झाला.

आठवड्याभरात वर्गाचं मैदान झालं. प्रितेशने आजारी आजीचा धडा वाचायला घेतला, "आन् आजी खोकली! काय जबरदस्त खोकली!" टाळ्या, शिट्ट्या. हसून हसून मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते.

फक्त करिष्मा गप्प. तिचा आवाज एवढासा. केसरीनाथने सांगूनच टाकलं, "तुझा आवाज बाउंड्रीला पोचायचा न्हाय गं बाय. तू फळ्यावर नावं लिही." तिने नावं लिहिली, पण पुस्तक काखेतून सोडलं नाही. तिला वाचायचंच होतं. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू!

शनिवारी पालकांसमोर वाचन होतं. सगळ्यांचं गाजून झाल्यावर मी करिष्माला उभं केलं. माईक समोर येताच ती दोन पावलं मागे सरली.

"ऱ्हाऊ दे बाई, पोर घाबरलीय," केसरीनाथ म्हणाला.

"दादा, उंच उडालेला बॉल हवेत असतो, खाली फील्डर उभा असतो, तेव्हा तुम्ही काय करता?"

"तवा? तवा मी गप..." तो थांबला. करिष्माकडे पाहिलं आणि खटकन माईक बंद केला. "वाच, बाय."

"मांजर..." करिष्मा कुजबुजली. "हळूच... आलं."

मागच्या आया पुढे सरकल्या. बाहेर कंटेनरने हॉर्न दिला, तर केसरीनाथने खिडकीतून त्याच्यावर डोळे वटारले.

"उंदीर अजून... खातच होता. मांजराने... पाऊल उचललं."

करिष्मा थांबली. पान उलटायला तिने मुद्दाम वेळ लावला, लबाड कुठली!

धडा सगळ्या वर्गाला तोंडपाठ होता. तरी विपुल बाकावर चढून किंचाळला, "आगं सांग ना, पकडला का न्हाय?"