सुप्रियाच्या सहीचा पहिला नळ

जळोचीत सुप्रियाला आता 'नळवाल्या वहिनी' म्हणतात. लग्नानंतर ती प्लंबरचं शिकायला आयटीआयला निघाली तेव्हा तोंडाला पदर लावून हसलेल्या बायकाही तेच म्हणतात. ती मूळची लासुर्ण्याची, उसाला पाणी देत वाढलेली. पाणी कुठं वळवायचं नि कुठं अडवायचं, हे तिला घरूनच येत होतं. पाइपाचं काम मात्र शिकवलं सासऱ्यांनी, हिंदुरावांनी.

हिंदुरावांचा सगळा जन्म नळकामात गेला. हातात कसब होतं, नव्हता तो परवाना. घरात नवा नळजोड घ्यायचा तर अर्जावर परवानाधारक प्लंबरची सही लागते. त्यामुळं काम हिंदुरावांचं आणि सही दुसऱ्याची, असं वर्षानुवर्षं चाललं. काम झकास झालं की सही करणारा मिशीवर ताव मारायचा आणि बिघडलं की खापर हिंदुरावांच्या डोक्यावर फुटायचं. कागद बाहेर निघाले की ते आपसूक दाराबाहेर जाऊन उभे राहायचे.

सुनेचा परवाना आला तेव्हा त्यांनीच तो फ्रेम करून देवघराशेजारी टांगला. रोज सकाळी देवांबरोबर त्यालाही उदबत्ती मिळू लागली. सुप्रियाला भारी लाज वाटायची.

पहिलं काम मिळालं शेजारच्या गल्लीतल्या कुशाबाईंचं. त्यांची लेक अनिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, आणि न्हाणी अंगणापलीकडं. घरातच न्हाणीघर करून रस्त्यावरून नळ आत घ्यायचा होता. परवानगी मिळाली, अंगणात चर खणला, पाइप टाकला. राहिली तपासणी. पाणीपुरवठ्याचे साहेब येऊन पाण्याचा दाब लावून बघेपर्यंत पाइप उघडाच ठेवायचा, असा नियम. पास झालं तर सुप्रियाचं नाव होणार. नाही झालं तर अनितानं अवघडल्या अंगानं अंगण ओलांडायचं, आणि गल्लीला हसायला नवं निमित्त. तपासणीच्या आदल्या दिवसापासून सुप्रियाला घास गोड लागत नव्हता.

सकाळी ती कुशाबाईंच्या फाटकात आली आणि जागीच थांबली. चर गायब. माती धुम्मसानं चोपून चापून सपाट केलेली, वर सडा, सड्यावर ठिपक्यांचं मोठं कमळ. शेजारी हिंदुराव ठेवणीतला फेटा बांधून उभे.

"आबा, चर कुठं गेला?"

"बुजवला की. साहेब येनार, तुझं पयलं काम. त्यास्नी काय खड्ड्यात उभं करायचं?"

"मीच म्हनलं," रांगोळीची वाटी सावरत कुशाबाई म्हणाल्या, "हिंदुराव, तुमी माती चोपा, मी कमळ काढते."

आता रागवायचं तरी कुणावर? तपासणीचं सगळं सही करणारा बघायचा. तो 'बुजवा' म्हणायचा, हिंदुराव बुजवायचे. नियम त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. आणि आबांना आपण काय सांगायचं, म्हणून सुप्रियाही बोलली नव्हती.

तेवढ्यात साहेबांची मोटारसायकल आलीच. "पाइप कुठंय?" त्यांनी विचारलं. हिंदुरावांनी ऐटीत कमळाकडं बोट दाखवलं.

साहेबांचा आवाज चढला. "तपासणीआधी चर कुणी बुजवला?"

हिंदुरावांचा चेहरा पडला. असले प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकले होते, आणि उत्तरादाखल बोट कुणाकडं जातं तेही त्यांना ठाऊक होतं. ते हळूच फाटकाकडं सरकू लागले.

"परवाना माझा हाय, साहेब," सुप्रिया म्हणाली. "माझ्या कामावर बुजला, म्हंजे मीच बुजवला. चूक माझी."

हिंदुरावांचे पाय थबकले. आजवर सही करणाऱ्या एकाही माणसानं हे वाक्य उच्चारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी सरळ फेट्याच्या शेमल्याला पुसले.

साहेब कमळाकडं बघून जरा निवळले. "दुपारपर्यंत उघडा करा. येतो परत."

मग काय, हिंदुरावांनी फेटा काढून खुंटीला अडकवला, कुशाबाईंनी पदर खोचला. गल्लीतल्या बायका तमाशा बघायला आल्या आणि बघता बघता घमेली उचलू लागल्या. "माझं कमळ तेवढं शेवटाला मोडा गं," कुशाबाई सारख्या म्हणत होत्या. सुप्रियानं पाइपाजवळ कुदळ येऊ दिली नाही. तिथली माती तिनं हातानं काढली.

दुपारी साहेबांनी परत येऊन दाब लावला. दाबमापकाचा काटा चढला आणि हळूहळू उतरू लागला. धुम्मसाच्या दणक्यानं एक जोड ढिला होऊन ठिबकत होता. सुप्रियानं पाना मागितला, जोड आवळला, पुन्हा दाब दिला. या वेळी काटा जागचा हलला नाही.

"हे मातीखाली ऱ्हायलं असतं, तर भिंत वली झाली असती," हिंदुराव पुटपुटले. "नियम बरा हाय की."

साहेबांनी कागद काढला. हिंदुराव सवयीनं बाहेर निघाले.

"आबा, हितंच थांबा," सुप्रिया म्हणाली. ते थांबले. तिनं सही केली, आणि ती वाळेपर्यंत ते बघत राहिले.

अनिता आली, घरातल्या न्हाणीत न्हाली, बाळही न्हालं. सुप्रियाच्या हाती आता पार लांबच्या कोऱ्हाळ्यापासूनची कामं असतात आणि मदतीला हिंदुराव. कागद निघाला की ते बाहेर जात नाहीत, सुनेला खेटून उभे राहतात. नवं गिऱ्हाईक आलं की ऐटीत सांगतात, "काम मी करतो. बोलनी खायाला आमची सून हाय."