वरची जमीन, खालची जमीन

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाई आडून आडून बोलते. थोडाथोडका नाही, लई वाटतो. तिची पांढरी गाडी आमच्या बांधाजवळून गेली की धुरळा खाली बसायच्या आत माझा जळफळाट सुरू होतो. आणि आधी असं नव्हतं. आधी हेवा करण्यासारखं तिच्याकडं होतं तरी काय?

वारूळवाडीच्या पुढं, टेकडीच्या पायथ्याला आमची जमीन. सासरे गेल्यावर वर्षानं वाटणी झाली. आमच्यात रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. वाटे पाडणाऱ्याला लबाडी करता येऊ नये म्हणून ही रीत. पण लबाडी करणाऱ्याला रीत आडवी येत नाही. जमीन दोन तऱ्हेची होती. खाली रस्त्याला लागून सपाट पट्टी, काळीभोर, पण तिच्यातली विहीर होळीच्या सुमाराला तळ दाखवायची. वर उताराचा खडकाळ तुकडा, पण त्यात बोअर, आणि त्या बोअरचं पाणी कधी म्हणून आटलं नाही. मी मालकांना भाकरी वाढता वाढता म्हटलं, "पट्टीत दोन गुंठं जास्त घाला. डोळ्यांत भरंल अशी करा. धाकटं तीच उचलतील."

दिरानं खरंच पट्टी उचलली. मी पदर तोंडाला लावून आत गेले, कारण हसू आवरेना. पुढं कैक उन्हाळे त्यांची विहीर आटायची आणि जाऊ हंडा घेऊन वर यायची. ती येताना दिसली की आमचं पाणी तिच्या डोळ्यांत खुपावं म्हणून मी मोटर जरा जास्तच वेळ चालू ठेवायचे. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा नाही वाटली.

मग रेल्वे आली. म्हणजे अजून आली नाही, तिचे दगड आले. पट्टीच्या दोन्ही अंगांना खुणेचे दगड रोवले गेले आणि कळलं की रूळ पट्टीवरून जाणार आणि पुढं टेकडीत शिरणार. टेकडीत म्हणजे आमच्या तुकड्याच्या खालून, बोगद्यातून. गावात सभा झाली. लोक उठून उठून सांगत होते, आम्ही जमीन देणार नाही, मेलो तरी देणार नाही. एक म्हातारा तर हमसून हमसून रडला. मी बायकांत बसले होते आणि माझ्या मनात एकच, आमची घ्या की रं बाबांनो, आमचीबी घ्या.

आम्हाला जी नोटीस आली ती शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवली. भूपृष्ठाची मालकी खातेदाराकडेच राहील, त्याखालील भागाच्या वापराचा हक्क सार्वजनिक प्रयोजनासाठी संपादित करण्यात येत आहे, असं काहीतरी. मी म्हटलं, "मास्तर, माणसाच्या भाषेत सांगा."

"वर तुमचं, खाली सरकारचं. वर पीक काढा, ऱ्हावा, काय बी करा. खाली नवी विहीर नाय, नवं बोअर नाय. अन् मोबदला फक्त खालच्याचा, तोबी थोडा."

"आवो, जमीन म्हंजी काय भाकरी हाय का? वरचा पापुद्रा मला, खालचा त्यांला?"

मास्तर हसले. मी हसले नाही. पट्टीवाल्यांची जमीन अख्खी गेली, वरची खालची सगळी, आणि पैसाही तसाच आला. वर्षाच्या आत दिरानं नारायणगावात बंगला बांधला. गाडी घेतली. जावेच्या हातात पाटल्या आल्या. जी बाई माझ्या दारात हंडा घेऊन उभी राहायची, ती बाजारात भेटली तर माझ्या पिशवीतली वांगी बघून म्हणते, "आक्का, लई ताजी दिसत्यात वो." मला वाटलं, टोमणा मारते. वास्तुशांतीचं बोलावणं द्यायला दोघं जोडीनं आली. त्या दिवशी मला ताप आला. ताप कसला, गोधडी घेऊन पडून राहिले आणि मालकांना एकट्याला पाठवलं. त्यांनी परत येऊन बंगल्याचं एवढं कौतुक केलं की संध्याकाळी खरंच अंग तापलं.

बोगद्याची मोजणी मागाहून आली. अधिकारी येणार हे कळल्यावर मी नर्सरीतून आंब्याची कलमं आणली आणि सगळा उतार भरून टाकला. पट्टीवाल्यांची झाडं एकेक करून मोजली होती हे मला माहीत होतं. मोजणीवाला पोरगेला होता, चष्म्याचा, बोलायला गोड. त्यानं कलमांकडं पाहिलं, खालची ताजी माती पाहिली.

"मावशी, कधी लावली?"

"झाली की लई दिवस."

"बरं. पण झाडं वर आहेत आणि आम्ही जाणार खालून. वरचं काहीच नोंदायचं नाही."

झालं! कंबर मोडून खड्डे घेतले ते वाया. घर वर, गोठा वर, झाडं वर, माझी म्हणून जी वस्तू होती ती सगळी मेली वरच. तेवढ्यात त्यानं कागद उलटला आणि विचारलं, "बोअर आहे का? किती फूट?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खाली गेलेली अशी एक तरी वस्तू माझ्याकडं होती! जितकी खोल तितकी भारी, असा हिशेब मी उभ्याउभ्या केला. मालक तोंड उघडणार तोच मी सांगून मोकळी झाले, "साडेचारशे फूट."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. चष्मेवाल्यानं लिहून घेतलं, अंगठ्याच्या जागी मी ऐटीत सही केली. खरं बोअर एकशे साठ फुटांचं.

चार महिन्यांनी कागद आला. मोबदल्याचा असेल म्हणून मी देवापुढं ठेवला आणि मग मास्तरांकडं नेला. मास्तरांनी दोनदा वाचला. बोगदा दोनशे फुटांच्या खाली होता आणि आमचं साडेचारशे फुटांचं बोअर त्याच्या वाटेत येत होतं. म्हणून ते काँक्रीट भरून कायमचं बंद करायचं. हरकत असेल तर मुदतीत मंचरला प्रांत ऑफिसात मांडायची.

बोअर गेलं म्हणजे सगळं गेलं. त्या उतारावर पाण्याशिवाय कुसळसुद्धा धड उगवत नाही आणि नवं बोअर तर घ्यायचंच नाही. मालक कधी मोठ्यानं बोलत नाहीत. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "तुझी जीभ बोअरपरीस खोल गेली बघ."

मंचरला गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी म्हटलं, चुकून बोलले, आता माणूस पाठवा, दोरी सोडा, मोजा. ते म्हणाले, दोरी सोडता येईल, पण जुन्या बोअरमध्ये गाळ बसतो. आज दोरी एकशे साठला टेकली म्हणजे खोदलं तेव्हा तेवढंच होतं असं होत नाही. खोदताना हजर असलेला कुणी आणा, ज्याचा ह्या पाण्यात काही हितसंबंध नाही असा. त्याचा जबाब घेऊ.

बोअरची गाडी मद्रासकडची होती, ती माणसं आली तशी गेली. सासरे नाहीत. दीर तेव्हा पुण्याला कंपनीत होते. राहिली कोण? जाऊ. नवी नवरी होती, दिवसभर गाडीवाल्यांना चहा करून देत होती.

नारायणगावच्या त्या बंगल्यापर्यंत माझे पाय कसे गेले ते माझं मला माहीत. रस्त्यात तीनदा वाटलं, परत फिरावं, बोअर जाऊ दे, शेत जाऊ दे. तिनं नुसतं म्हणायचं होतं, "मला नाय बाई आठवत," की मी संपले. आणि म्हणायला तिला कारणंही होती, उन्हाळ्याउन्हाळ्यांची. दारात फरशी इतकी गुळगुळीत की चप्पल काढावी की पायसुद्धा बाहेर ठेवावेत. तिनं मला थेट गच्चीवर नेलं. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्या ओळीनं मांडल्या होत्या आणि त्यांत कोथिंबीर, मेथी, चार मिरच्या. मेथी पिवळी पडली होती. खरं सांगते, माझ्या मनात आलं, बादल्यापण किती एकसारख्या मिळाल्या हिला.

मी सगळं सांगितलं. कलमं, साडेचारशे, सगळं. ती हसेल म्हणून मी खाली बघून बोलत होते. ती म्हणाली, "कवा जायचं?"

मंचरला तिच्याच गाडीतून गेलो. मी मागं बसले, काचेतून बाहेर बघत. साहेबांपुढं ती खुर्चीच्या कडेला बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "बोअरचं आठ रॉड खाली गेलं. एक रॉड ईस फुटाचा. आठवा गेला अन् पानी उसळलं, पांढऱ्या चिखलानं माझं नवं लुगडं भरलं. मामंजी म्हनले, बास, देवानं दिलं तेवढं पुरं झालं."

साहेबांनी विचारलं, इतक्या वर्षांनी रॉडचा आकडा कसा लक्षात राहिला? ह्या पाण्यात तुमचा काही हिस्सा आहे का?

"न्हाई साहेब, हिस्सा नाय. आठवतंय ते वाटणीमुळं. वाटणीच्या वक्ताला मीच मालकांना म्हनले व्हते, आठ रॉडाचं पानी हाय, ते थोरल्यांकडं ऱ्हाऊ द्या. त्यांची दोन लेकरं ल्हान व्हती, आमाला तवा कुनी नव्हतं. आमी आपली पट्टी उचलली."

कारकून ते सगळं लिहून घेत होता. मी खिडकीकडं बघत बसले. मला वाटत होतं मी त्यांना गंडवलं. पट्टीत दोन गुंठे घातले, माझ्या डोक्यानं बोअर मिळवलं. कसलं डोकं अन् कसलं काय! तिनं दिलं होतं म्हणून ते माझ्याकडं आलं होतं. आणि तिच्या रिकाम्या हंड्यासमोर मी ऐटीत मोटर चालू ठेवत होते. तिनं हे कधी बोलूनसुद्धा दाखवलं नव्हतं. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

जबाब घेतला गेला. पुढं माणसं येऊन दोरी सोडून गेली आणि खोली एकशे साठ धरून बोअर राखायचा कागद आला, आणखी खोल नेणार नाही असं आमच्याकडून लिहून घेऊन. पण हे नंतरचं. त्या दिवशी मंचरहून परतताना जावेनं ड्रायव्हरला सांगून गाडी आमच्या बांधाला थांबवली. म्हणाली, पाणी बघून जाते. मी मोटर चालू केली. तिनं पाटल्या वर सारून हात धुतले, पाय धुतले, तशीच वाफ्याच्या कडेला उभी राहिली. वाफ्यातली मेथी खुडण्याजोगी झाली होती.

"आक्का, खुडू का थोडी?"

मी म्हटलं, खूड. ती लुगडं खोचून बसली. तिच्या बोटांना सवय राहिली नसेल असं मला वाटलं होतं, पण ती सपासपा खुडत पुढं गेली आणि मी मागं राहिले. वाफा संपला तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "उद्या येऊ का मी? मजुरीनं नाय वो. नुसतीच. घरी हात रिकामं ऱ्हात्यात."

जिच्या अंगावर तोळ्यातोळ्याच्या पाटल्या, ती माझ्या वाफ्यात बसायला माझी परवानगी मागत होती. म्हटलं, "विचारती काय, ये की. तुझंच हाय."

तुझंच आहे, हे तोंडातून गेलं आणि ते खरं आहे हे दोघींनाही कळलं. ती गाडीकडं गेली. तिच्याकडं पैसा होता, बंगला होता, ते मी कसंबसं गिळलं होतं. तिला पाणी भरू देत होते, म्हणून मनानं तरी मी तिच्यापेक्षा मोठी, एवढं एक मी धरून होते. आता तेही राहिलं नाही. गाडी निघून गेल्यावर मी वाफ्यात बसले आणि तिची जुडी अन् माझी जुडी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. तिची मोठी होती.