आईचं नाव लिहायचं राहिलं

आमचा दादा म्हणजे रक्तदानाचा राजा. कुठल्याही पुढाऱ्याचा वाढदिवस असो, हा बाही वर सारून सगळ्यात आधी आडवा होणार आणि दुसऱ्या दिवशी उचगावच्या कमानीवर, फ्लेक्सवर हात जोडून उभा. समाजसेवक म्हणे!

आईनं चाळीस वर्षं गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवले. सगळी मापं डोक्यात. त्या आईनं एकदा एकाच बाजूला दोन बाह्या जोडल्या, तेव्हा मी तिला कोल्हापुरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डिमेन्शियाची, म्हणजे विसरण्याच्या आजाराची, सुरुवात होती. एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, त्याबद्दल बाईंनी विचारलं. गुण येईलच असं नाही, काहींना तर नुसती बिनऔषधाची गोळी मिळते, नको वाटलं तर कधीही सोडता येतं, सगळं स्पष्ट सांगितलं. आई म्हणाली, "लिवा की माझं नाव. मला न्हाय तर न्हाय, नातीच्या तरी कामाला यील."

अट एकच होती. रोज तिच्यासोबत असणाऱ्या माणसानं दर वेळी यायचं आणि ती काय काय विसरते ते खरं सांगायचं. आई दादाकडे राहायची.

"तुला याड लागलंय काय?" दादा खेकसला. "पोरीची सोयरीक बघायला लागलोय. आमच्यात डोक्याचा रोग हाय म्हणून गावभर करू व्हय?" इथं फ्लेक्सही लागणार नव्हता. पाहुणे आले की आईला आतल्या खोलीत बसवायचे आणि कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे. जिच्या शिलाईवर हा वाढला, तिचीच ह्याला लाज! मला अजून किळस येते.

आणि मी? मी नुसती तोंडाची मोठी. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे. आईला माझ्याकडे आणलं असतं, तर ती अट मीच पुरी केली असती. सुचलंही होतं. पण सासूबाई काय म्हणतील या भीतीनं मीही म्हणाले, "लग्न होऊ दे, मग बघू." मला दादाला नावं ठेवायचा काही अधिकार नाही.

लग्न थाटात झालं, तोवर वर्ष उलटलं होतं. मग आम्ही आईला नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशाला 'हो' म्हणताय, ते तुमच्या शब्दांत सांगा." आई त्यांच्या कोटाची बाही चाचपत म्हणाली, "बाही लांब झालीया. काढून ठेवा, उद्या देतो." बाईंनी फाईल मिटली. तिला कळत होतं तेव्हाच तिचा होकार घ्यायला हवा होता.

"सुटलो," दादा म्हणाला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला.

याच आजाराच्या दुसऱ्या एका अभ्यासाला निरोगी माणसंही हवी असतात, हे मला तेव्हा कळलं. काही प्रश्न, थोडं रक्त, दर वर्षी एक फेरी. मी तिथंच अर्ज भरला.

परतताना रिक्षात आईनं अचानक विचारलं, "माझं नाव लिवलं न्हवं?"

"लिवलं," मी म्हणाले.

ती समाधानानं हसली. कागदावर नाव माझं होतं.