वरच्या मजल्यापर्यंत जाणारी फोडणी

सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी संघमित्राबाई रामटेके फळ्यावर दोन घरं काढत होत्या, मध्ये एक भिंत. जुनवानीतल्या त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बीएस्सीच्या पाच मुली बसल्या होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाई घरीच जीवशास्त्राची शिकवणी घेतात.

"या दोन चेतापेशी. पहिली रसायन पाठवते, दुसरी घेते. घेणारी मग काय करते?"

उत्तरासाठी बाईंनी स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टरमधल्या जुन्या क्वार्टरची गोष्ट काढली.

तिथे दोन स्वयंपाकघरांत एकच भिंत होती. अलीकडे बाईंचे वडील, प्लांटमधले फिटर. दारासमोर बाबासाहेबांचा फोटो. पलीकडे सत्यभामाकाकू, नागपूरकडच्या रेल्वेवाल्यांची लेक. कोण कोणाच्या घरचं खातं, हे तेव्हा सगळे पाहत असत. पहिली दोन वर्षं भिंतीपलीकडून फक्त आवाज आले. मग एका रविवारी काकूंनी डाळीचे गोळे वाटीत झाकून पाठवले. खातील की नाही, ही काकूंना धाकधूक होतीच. बाईंच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, लगेच भात टाकला, त्यावर गोळे कुस्करले आणि लसूण-हिंगाची चरचरीत फोडणी ओतली. वास खिडकीतून पलीकडे गेला. पुढच्या रविवारी वाटीऐवजी मोठा गंज, पातेलं भरून गोळे आले.

"वाटी म्हणजे नेहमीचं रसायन, झाकलेलं, एकाच घरासाठी. फोडणीचा वास म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. हा वायू साठवून ठेवता येत नाही. निरोप मिळाला की घेणारी पेशी तो तिथल्या तिथे तयार करते. तो पेशीच्या पातळ पटलातून आरपार जातो आणि काही सेकंदांत संपतो. तेवढ्यात पाठवणारीपर्यंत पोचला, तर तिला कळतं की माल मिळाला. पुढच्या वेळी ती जास्त पाठवते. जोड पक्का होतो. आपण शिकतो, लक्षात ठेवतो, त्यात याचा वाटा असतो."

भाग्यश्री नावाच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, हमारे यहाँ तो चिमनी है. वास पोचलाच नाही तर?"

"तर पाठवणारीला काही कळत नाही. ती कशाला वाढवेल?"

बाईंचा हात फळ्यावरच थांबला.

काकू आता याच इमारतीत, बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. क्वार्टरं सुटली तेव्हा दोन्ही घरांनी मुद्दाम एकावर एक फ्लॅट घेतले होते. रविवारचे गोळे इथेही येत राहिले. दिवाळीत बाईंच्या मुलानं, पियूषनं, ओट्यावर धूर-वास ओढून घेणारी चिमणी बसवली आणि खिडकीला घट्ट काच लावली. त्यानंतर गोळे कमी झाले, मग बंदच. बाई विचारायला वर गेल्या नव्हत्या. म्हातारपणी काकूंच्या मनात जातीचं जुनं काही परत आलं असेल, अशी शंका होती. तिचं उत्तर ऐकायची तयारी नव्हती.

दुपारी त्यांनी स्वतःच गोळे केले. चिमणी बंद ठेवली, काच सरकवली आणि तापल्या तेलात मूठभर लसूण टाकला.

थोड्या वेळानं वरच्या खिडकीतून आवाज आला.

"काय वं संघा, चिमणी बिघडली काय तुही?"

"बंद केली, काकू. गोळे केले. पण तुमच्यासारखे नाई जमले."

"कसे जमतीन? डाळ पिठासारखी वाटली असशीन. आन् आज कशी आठवण आली? मले तं वाटलं, तुले आता आवडत नाई. वास नाई, काई नाई. कावून पाठवू मंग?"

"खात होती नं मी! वास सारा त्या डब्यात जाऊन राहिला होता."

"मंग फेक तो डबा. पियूषले सांग, काकूनं सांगतलं. आन् तुहे दोन गोळे पाठव वर, पाहतो कसे झाले."

बाईंनी कपाटातून जुनी वाटी काढली, गोळे ठेवले, वर झाकण ठेवलं आणि जिना चढल्या.

उद्या रविवार. शिकवणीला सुट्टी आहे. वरच्या स्वयंपाकघरात तुरीची डाळ भिजत घातली आहे.