टेबलावर ठेवलेलं बिल

राजाभाऊ खानोलकर दुबईच्या देरा भागात आमच्या ट्रेडिंग कंपनीत एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचे. आधी ते मुंबईत विधान भवनात क्लार्क होते. त्यामुळे कायदा कसा होतो ते आपल्यालाच कळतं, असा त्यांचा तोरा. माझं तर डोकंच फिरायचं.

आमचा माल ज्या देशातून यायचा, त्याच्यावर अमेरिकेने जबर जकात लावली होती, आणि आमची गिऱ्हाइकं सगळी अमेरिकेत. त्या देशाशी व्यापार पुन्हा सुरळीत करायचं बिल अमेरिकेच्या संसदेत होतं. त्याच आशेवर ऑफिस तग धरून होतं.

एका सकाळी राजाभाऊंनी मोबाईलवर वाचलं, बिल ‘टेबल’ झालं.

“पटलावर आलं रे! आता चर्चा, मग मतदान. झालंच समज!”

कुणाला विचारायचं तरी! पण नाही. त्याच तारेत त्यांनी रास अल खैमाच्या टाइल्स कंपनीला फोन केला आणि हातात आलेली नोकरी नाकारली.

संध्याकाळी ऑफिसातूनच त्यांनी मुलीला, शुभ्राला, ही बातमी सांगितली. स्पीकर चालू होता.

“बाबा, अमेरिकेत टेबल्ड मीन्स बाजूला टाकलं. नो डिबेट. इट्स डेड.”

राजाभाऊंनी लगेच रास अल खैमाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “खलास, हबीबी. दुसरा आदमी ले लिया.”

महिन्याभरात आमचं ऑफिस बंद झालं. फर्निचर न्यायला हमाल आले.

“यल्ला चाचा, चलो, हाथ हटाओ,” एकजण म्हणाला.

राजाभाऊ आपल्या टेबलावर दोन्ही पंजे पसरून बसले होते.