पूजेची सुपारी, खायची सुपारी

जुन्नरच्या पेठेतील आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे होते. बाहेरच्या खोलीत माझी बैठक, पोथ्यांचे कपाट आणि आल्यागेल्यासाठी सतरंजी. आतल्या खोलीत शेगडी, देवघर, एक लोखंडी पलंग आणि वर फळ्यांचा माळा. एवढ्या जागेत दोन माणसांचा संसार नीट मावतो, आणि माझ्या पत्नीने तो मावविलाही होता. तिच्या डब्यांची रांग अशी की, वीज गेली तरी हळदीच्या डब्यावर अचूक हात पडावा. जो संसार आमचा नव्हता, तो मात्र कोठेच मावत नव्हता.

मी पौरोहित्य करीत असे. आमच्याकडे पूजा आटोपली की चौरंगावरचे सारे गुरुजींच्या पिशवीत जाते : तांदूळ, सुपाऱ्या, खारका, हळकुंडे, नारळ, पंचा, खण. ते यजमानाने घरात ठेवले तर दोष लागतो, अशी समजूत. गुरुजींच्या घरात ठेवल्याने कोणाला काय लागते, हे कोणी विचारीत नाही. देवापुढे ठेवलेले, मंत्राने पवित्र झालेले म्हणून मी ते टाकीत नसे. आणि ते वापरण्याच्या योग्यतेचे नसे. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या गाठोड्यांनी प्रथम माळा भरला, नंतर पलंगाखालची जागा, आणि शेवटी पलंगाचा पायथा.

वापरण्याच्या योग्यतेचे का नसे, हे बाजारातल्या वाण्याच्या दुकानात उभे राहिल्यावर कळते. गिऱ्हाइकाने सुपारी मागितली की तो पहिला प्रश्न विचारी, "खायची देऊ का पूजेची?" खायची सुपारी काचेच्या बरणीत, पूजेची खाली, पायाजवळच्या गोणीत. तसेच पूजेचे तूप निराळे, पूजेचे तांदूळ निराळे, पूजेची खारीक निराळी. मी एकदा त्याला म्हणालो, "अहो, देवाला असे द्यावे?"

तो हसून म्हणाला, "गुरुजी, देवाला कुटं चावायचंय? आन तुमचे तरी दात कुटं राह्यलेत आता!"

दुकानातील सारी मंडळी हसली. मीही हसलो असेन. परंतु त्या गोणीतील सुपारी पानावर ठेवून मी गणपतीचे आवाहन करीत आलो होतो, हा विचार मनातून गेला नाही.

त्या वस्तू कशा होत्या, हे लिहिताना आजही किळस येते. सुपारीला बारीक भोके, आणि आपटली की त्यांतून काळा भुगा. तांदळाला जाळी धरलेली, आणि जाळीत वळवळणाऱ्या अळ्या. तुपाच्या पुडीला वास मेणबत्तीचा, आणि उन्हाळ्यात त्याच वासाचे ओघळ भिंतीवरून उतरत. नारळ हलविला तर पाणी वाजे. फोडला तर ते काळे असे आणि वास डोक्यात जाई. दानात आलेल्या छत्र्या होत्या, त्या उघडण्यासाठी केलेल्या नव्हत्या, केवळ देण्यासाठी केलेल्या होत्या. एक पंचा पत्नीने भिजविला, तर सगळी खळ पाण्यात उतरली आणि तिच्या हातात माशा उडवायलाही न पुरणारी जाळी उरली.

"अहो," ती म्हणाली, "हे नेसून ज्यांच्यापुढे बसायचं, ते देव डोळे मिटून घेतील."

नवरात्राच्या आधी आवराआवर करताना तिने पलंगाखालचे एक गाठोडे ओढले. ते खणांचे होते. वरून जरीकाठाचे, आतून उंदरांनी कुरतडून गादी केलेले. त्या गादीत गुलाबी, डोळे न उघडलेली पिल्ले होती, आणि सभोवती लेंड्या, झुरळांची अंडी, बुरशी धरलेले कुंकू. तिने हात मागे घेतला तोच धूळ उसळली. तिला दमा होताच. श्वास असा अडकला की, ती भिंतीला धरून खाली बसली आणि ओठ निळे पडले. डॉक्टरांनी सुई दिली, खोलीकडे एक दृष्टी टाकली आणि सांगितले की, ही खोली अशीच राहणार असेल तर बाईंना येथे ठेवू नका.

मंचरला दिलेली आमची मुलगी दुसऱ्या दिवशी आली. दारातच थांबून म्हणाली, "बाबा, इथं माणसांनी राहायचं की सामानानं?" आणि आईला घेऊन गेली. जाताना पत्नी मला एवढेच म्हणाली, "मी काही तिकडं राहायला चालले नाही. पण हे असलं असताना परत येणार नाही."

मी खोली रिकामी करावयास बसलो. शेजारी म्हणाले, "नदीला सोडा." कुकडीच्या घाटावर जाऊन पाहिले. पाण्यात पिशव्यांत बांधलेले निर्माल्य फुगून तरंगत होते, देवांच्या तसबिरींवर हिरवी साय आली होती, आणि एक कुत्रे कुजक्या नारळाशी झोंबत होते. तसाच परतलो. वाण्याला कळले, तेव्हा तो स्वतः घरी आला. "आना की माज्याकडं सगळं. गोनीत गोनी! बाकीचे गुरुजी आनून देत्यातच."

"आणि तुम्ही त्याचे काय करता?"

"काय म्हंजे? पूजेला लागतंच की लोकांना."

तेव्हा मला उमगले की, ती सुपारी कोणी झाडावरून काढून आणीत नव्हते. ती चौरंगावरून पिशवीत, पिशवीतून गोणीत आणि गोणीतून पुन्हा चौरंगावर, अशी गावोगाव फिरत होती. माझ्या मंत्रांखालून तीच कितीदा गेली असेल, या विचाराने मला अन्न गोड लागेना. वाण्याला नमस्कार करून मी परत पाठविले. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर खड्डा खणवून सारे मातीला दिले. तांदूळ पुरण्याआधी त्याच्या कोंबड्यांपुढे टाकून पाहिले. त्यांनी चोच लावली आणि माना फिरविल्या.

खोली धुतली, चुना दिला, पलंग उन्हात घातला. पुढे मुहूर्त काढतानाच मी यजमानास सांगू लागलो की, जे तुम्ही खाता तेच देवापुढे मांडा, आणि चौरंगावरचे तुमच्याच घरात शिजवा. पुष्कळांनी मान डोलावली आणि दुसरे गुरुजी बोलाविले.

कळंबच्या एका तरुण यजमानाकडे मात्र वास्तुशांतीस गेलो. त्याला सारे सांगितले होते. तरीही चौरंगावर तीच भोकांची सुपारी, तेच पंचे. कार्य थांबविणे उचित नव्हते. विधी पूर्ण केला आणि पिशवी न उचलता निघालो.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो मोटारसायकलवर आमच्या दारात हजर. चुन्याचा वास जाईपर्यंत मुलीकडेच थांबलेली पत्नी आदल्याच दिवशी परतली होती. आतल्या खोलीचा कोपरा न् कोपरा हुंगून तिने डबे पुन्हा रांगेत लावले होते.

"गुरुजी, तुमचं राह्यलं व्हतं," म्हणून त्याने फुगलेली पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवली. "आमची म्हातारी लई कावली. घरात ठिवायचं नसतं म्हनं."

मी शब्द जुळवीत होतो. पत्नीने त्याला पाणी दिले, "बसा भाऊ" म्हणाली, पिशवीतूनच एक सुपारी घेतली आणि अडकित्त्यात धरून कातरली. कातरली कसली, ती चुरली. काळा भुगा आणि त्यात हलणारा एक पांढरा किडा तळहातावर घेऊन तिने हात पुढे केला.

"घ्या. लांबून आलात."

"न्हाई न्हाई काकू, ती पूजेची हाये."

"पूजेची आहे म्हणूनच देते. देवाला चालली, तुम्हांला का चालू नये?"

तो उठलाच. "तुमी बी राव काकू," असे पुटपुटत, कानाच्या पाळ्या लाल करून त्याने पिशवी उचलली आणि गाडीला लाथ मारली.

सायंकाळी मी देवदर्शनास निघालो, तर कोपऱ्यावरच्या पिंपळाच्या पारावर तीच पिशवी ठेवलेली. वर एक खण नीट पसरला होता, पाप लागू नये म्हणून. मुंग्यांची रांग आत शिरत होती. देवापुढचे पायाखाली येऊ नये, या जन्मभराच्या सवयीने मी वाकलो. हात बंदांपर्यंत गेला. मग तो मी मागे घेतला, धोतराला पुसला आणि पिशवी ओलांडून देवळाकडे गेलो.