चाफ्याचा अकरा महिन्यांचा करार

कायद्याने मी शेतकरी आहे. हसू नका. वडिलांच्या मागे गावच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलंय, म्हणून मला शेतजमीन विकत घेता येते. आणि येते, म्हणून मी घेतली. वसईच्या पुढे, दोन एकर. मी निवृत्त झाले तेव्हा आमच्या करी रोडच्या टॉवरमध्ये जो तो लिफ्टमध्ये जमिनीबद्दलच बोलत होता. रस्ता मोठा होणार, भाव तिप्पट होणार. बाकी शेतीतलं मला काय कळतं म्हणाल, तर कुंडीतली तुळससुद्धा आमचे हे सांभाळतात. मी पाणी घातलं की ती मान टाकते.

जमिनीबरोबर एक बाई आली. म्हणजे ती तिथे आधीपासूनच होती. आधीच्या मालकाला वर्षाचा खंड, म्हणजे शेताचं भाडं, देऊन ती तिथे मोगरा आणि काकडी करायची. सगळं तोंडी. हे ऐकून मला घाम फुटला. त्यात लिफ्टमधल्या मंडळींनी भर घातली, "कूळ लागेल हं! कसणारा ठाण मांडून बसला की जमीन त्याच्याच नावावर. अकरा महिन्यांचं लेखी करा आणि खंड सणसणीत वाढवा."

सणसणीत म्हणजे किती? ते बघायला मी दादरच्या फूलबाजारात गेले. एका गजऱ्याचा भाव विचारला, त्यातल्या कळ्या मोजल्या, फूलवाल्याच्या चार शिव्या खाल्ल्या आणि घरी येऊन सगळं दोन एकरांनी गुणलं. उत्तर असं आलं की ती बाई आमच्या टॉवरचे वरचे चार मजले सहज विकत घेईल.

"लुबाडतेय ही आपल्याला," मी ह्यांना म्हटलं.

"गजरा आणलास का?"

"छे, महाग होता."

खंड दुप्पट करायचं ठरलं. करार मीच लिहिला. नणंदेचा डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देताना केलेला करार कॉम्प्युटरवर होताच. 'फ्लॅट' होतं तिथे 'शेत' घातलं, झालं काम. वकिलाला कशाला पैसे द्यायचे?

दादरला माल टाकून एका सकाळी ती सही करायला आमच्याकडे आली. सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. ती मला ताई म्हणाली, मी तिला मावशी. वय दोघींचं सारखंच असेल, पण मालकीण कोण ते ठरलेलं होतं ना.

"चष्मा राहिला घरी. तुम्हीच वाचा, ताई."

मी ठणठणीत आवाजात वाचायला घेतलं. "भिंतींना खिळे ठोकू नयेत."

"भिंत कुठाय?"

"बरं, ते सोडा. रात्री दहानंतर पाहुणे आणू नयेत."

"डुकरं दहानंतरच येतात. त्यांना तुम्ही सांगा."

"पाळीव प्राणी ठेवू नयेत."

"बैल?" तिने एवढ्या काळजीने विचारलं की आमचे हे उठून स्वयंपाकघरात गेले. चहा ठेवायला म्हणे. खिदळणं बाहेर ऐकू येत होतं.

"जाताना जागा रंगवून द्यावी," मी दामटून पुढे वाचलं. माझं तोंड लाल झालं होतं, पण माघार घेणं आमच्या रक्तात नाही. "अकरा महिने संपताच सर्व सामान हलवून जागा रिकामी करावी."

ती हळूच म्हणाली, "ताई, चाफा कुठे हलवू?"

"कुठला चाफा?"

जुन्या मालकाच्या शब्दावर तिने बांधाच्या कडेने सोनचाफ्याची साठ रोपं लावली होती. दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून जगवली होती. पुढल्या वर्षी फुलं धरणार होती. "मोगऱ्यात काही उरत नाही आता," ती म्हणाली. "पुढचं सगळं चाफ्यावर आहे. दुप्पट खंड मला जमायचा नाही, आणि झाडं काही टोपलीत घालून नेता येत नाहीत."

"ते तुम्ही आधी लेखी घ्यायला हवं होतं," मी म्हटलं. असं मी म्हटलं. माझ्याच तोंडाने.

घरभर नजर फिरवून ती म्हणाली, "केवढं मोठं घर आहे. विकत घेतलंत?"

बाई गं! माझ्या आवडीच्या विषयाला हात घातला की तिने.

"विकत? कुणाची ऐपत होती! आम्ही इथले भाडेकरू!" आणि मी सुटले. ह्याच जागी आमची चाळ होती, एक खोली, भाडं दुधाच्या बिलापेक्षा कमी. मालकाने भाडं वाढवायचं म्हटलं, खोल्या रिकाम्या करा म्हटलं, पण भाडेकरू समितीची सेक्रेटरी कोण? मी! अशी पत्रं लिहिली की मालकाचा माणूस आमच्या गल्लीतून यायचा बंद झाला. "लाद्या आम्ही बसवल्या, मोरी आम्ही बांधली, पत्रे आम्ही बदलले, मालकाने काय केलं? नुसतं नाव लावलं! शेवटी चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा हा फ्लॅट द्यावाच लागला आम्हाला. फुकट! आणि करार म्हणाल तर कागदाचा कपटा नव्हता. सासऱ्यांच्या वेळी सगळं तोंडी ठरलेलं!"

हे चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते आणि माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते. मला वाटलं, कौतुकाने.

तिने चहा घेतला. बशीत ओतला, फुंकला. "पत्रं चांगली लिहिता म्हणजे तुम्ही."

"अख्ख्या लालबाग-परळात तोड नव्हती."

"मग मला एक लिहून द्या ना. माझ्या मालकाला."

"कोण तुमचा मेला मालक..." म्हणता म्हणता माझी जीभ जागच्या जागी थांबली.

रागावले ना! चांगली रागावले. पण खरं सांगते, रागापेक्षा हात जास्त शिवशिवत होते. टॉवरमध्ये आल्यापासून मी 'लिफ्टमध्ये कुत्र्यांना आवरा' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. मी कागद ओढला.

ती म्हणाली, पाणी मी घातलं. मी लिहिलं, 'आपण मुंबईत पंख्याखाली बसला असताना...'

"एसी लिही," हे म्हणाले. एसी लिहिलं.

"एवढं नको हो," ती घाबरली. "मालकीण तशी बरी आहे."

"गप्प बसा! मालकाची दया करायची नाही. तिथेच भाडेकरू मार खातो."

पानभर असं झोडपून काढलं मी मला. शेवटी सवयीने हात आपोआप पुढे गेला आणि लिहिलं, 'ही जागा गेली तर आम्ही जायचं कुठे?' चाळीतल्या प्रत्येक पत्रात हे वाक्य असायचं. लोक म्हणायचे, काय वाक्य टाकतेस! टाकत नव्हते हो मी. खरंच भीती वाटायची मला तेव्हा. मी समोर पाहिलं. बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. आम्हीही अशाच बसायचो.

पत्राची दुसरी प्रत काढून मालकाकडून पोच घ्यायची, हेही मीच तिला शिकवलं. तिने लगेच ती प्रत माझ्यापुढे धरली. मी सही केली, 'पोचले'.

ती गेल्यावर मी ते पत्र मालकीण म्हणून वाचलं. एकदा, दोनदा. कुठे फट सापडते का पाहिलं. सापडेल कशी? आयुष्यभर फटी बुजवायचंच तर काम केलं होतं मी.

"आता?" ह्यांनी विचारलं.

"आता काय, लिहा. खंड जुनाच. मुदत, चाफा जिवंत आहे तोवर."

"आणि त्या बाकीच्या अटी?"

"खोडा सगळ्या," मी म्हटलं. "खिळ्यांची तेवढी राहू द्या. मालकिणीचा काहीतरी मान राहायला नको?"